हैदर अलीला हिरो व्हायचं नव्हतं

पोलिसांवरचा नवा सिनेमा आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरलेला हिशेब सुरू होतो. व्हिलनचं नाव काय? दाढी आहे का? डोळ्यांत सुरमा आहे का? बॉम्ब कुणी ठेवला? मग कुणीतरी दुसरी बाजू मांडतं, "अरे पण त्यात एक चांगला मुसलमानपण आहे, शेवटी हिरोला वाचवताना मरतो तो." इथे बहुतेक वेळा वाद थंडावतो. एक वाईट, एक चांगला. खातं जुळलं.

हा हिशेब करणाऱ्यांची मी चेष्टा करत नाही. ज्यांची नावं वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या भूमिकांना दिली गेली, ते मोजणारच. पण पोलिसी भ्रष्टाचारावरच्या सिनेमाला ही मोजपट्टी लावली की आपल्या हाती फार थोडं लागतं, असं माझं मत झालं आहे. आणि ते मत बनवायला मला चाळीस वर्षांपूर्वीच्या एका सिनेमाने मदत केली. तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला नसेल. घरात अब्बांनी किंवा मामांनी नाव घेतलेलं ऐकलं असेल, एवढंच.

'अर्धसत्य' १९८३ चा. दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि मूळ गोष्ट श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा. म्हणजे हिंदी सिनेमा असला तरी त्याची मुळं आपल्या भाषेत आहेत. ओम पुरींनी केलेला अनंत वेलणकर हा मुंबई पोलिसांतला सब-इन्स्पेक्टर. बाप रिटायर्ड पोलीस, घरात मारझोड करणारा. मुलाला दुसरं काही करायचं होतं, बापाने खाकीत ढकललं. वेलणकर प्रामाणिक आहे आणि रागीट आहे, आणि या दोन्ही गोष्टी त्याला महागात पडतात. रामा शेट्टी नावाचा दादा, त्याला सांभाळणारे राजकारणी, वरून येणारे फोन. निलंबनाची वेळ येते. जिवावर उदार होऊन डाकू पकडतो, श्रेय दुसऱ्याला मिळतं. मग दारू. मग एका भुरट्या चोराला कोठडीत इतकं मारतो की तो मरतो. आता वाचायचं तर रामा शेट्टीच्याच दाराशी जाणं आलं. तो जातो, आणि तिथे जे होतं ते तुम्ही स्वतः पाहा.

या सगळ्यात वेलणकरचा वरिष्ठ आहे इन्स्पेक्टर हैदर अली. शफी इनामदारांनी केलेला.

हैदर अली काय करतो? तो वेलणकरला समजावतो. निलंबनातून सुटायचं असेल तर देसाई नावाचा एक मध्यस्थ आहे, त्याचे दिल्लीपर्यंत हात आहेत, त्याला भेटू, असं सुचवतो. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर 'सेटिंग' लावून देतो. तो पैसे खाणारा राक्षस नाही आणि धुतल्या तांदळासारखाही नाही. खात्यात बरीच वर्षं काढलेला, यंत्र कुठे कुरकुरतं आणि कुठे तेल घालावं लागतं हे माहीत असलेला माणूस. हाताखालच्या तापट पोरावर त्याची माया आहे. त्याला वाचवायचा त्याला जो रस्ता ठाऊक आहे, तोच तो दाखवतो. हा रस्ता सडलेला आहे हे त्यालाही कळतं. पण त्याला दुसरा रस्ता दिसलेला नाही.

आता त्याचं नाव बदलून बघा. हैदर अलीच्या जागी इन्स्पेक्टर कुलकर्णी किंवा जाधव ठेवा. गोष्टीत काहीही बदलत नाही. त्याला नमाज पढताना दाखवून त्याची ओळख पटवावी लागत नाही. देशावर प्रेम आहे असं कुणापुढे सांगावं लागत नाही. त्याची तडजोड ही 'मुसलमानाची तडजोड' ठरत नाही, ती एका इन्स्पेक्टरची तडजोड आहे. हिशेबवाल्या मित्रांना विचारलं तर त्यांना तो कुठल्या रकान्यात टाकावा कळणार नाही. चांगला? नाही, दलालाकडे नेणारा आहे. वाईट? तसाही नाही. मला वाटतं, आपल्याला पडद्यावर मिळालेली सर्वात मोठी बरोबरी ही होती. मधला असण्याची मुभा. इतरांइतकाच बरा आणि इतरांइतकाच बरबटलेला.

शफी इनामदारांबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. हे दापोलीकडचे, म्हणजे कोकणातले. मुंबईच्या रंगभूमीवर त्यांनी अनेक भाषांत कामं केली. टीव्हीवर 'ये जो है ज़िंदगी' मधून घराघरांत पोचले. त्यांच्या पत्नी म्हणजे मराठी रंगभूमीवरच्या भक्ती बर्वे. १९९६ मध्ये, वयाच्या पन्नाशीतच ते गेले. मराठी मुलखातला एक मुसलमान नट मुंबई पोलिसांतल्या मुसलमान इन्स्पेक्टरची भूमिका करतो आणि त्याची कुठेही बातमी होत नाही. आज असं झालं तर त्यावर दोन बाजूंनी चार दिवस ट्रेंड चालेल.

'अर्धसत्य'मधली मुंबई अशीच मिसळलेली आहे. वेलणकर, गोखले, पाटील, हैदर अली, देसाई, आणि नोकरी गेल्यावर दारूत बुडून रस्त्यावर आलेला माजी इन्स्पेक्टर माइक लोबो. लोबो नसीरुद्दीन शाहांनी केला आहे. त्याचा शेवट बघून वेलणकरला स्वतःचं भविष्य दिसतं. पण या मिसळीतही एक खडा लागतो, तो सांगितलाच पाहिजे. दादाचं आडनाव शेट्टी का? मुंबईत साठच्या दशकाच्या शेवटी दाक्षिणात्यांविरुद्ध जे राजकारण झालं, त्याची आठवण १९८३ मध्ये ताजी होती. भूमिका केली नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी, आणि काय अप्रतिम केली, फिल्मफेअरही मिळालं. पण एखाद्या मंगळुरी मुलाला त्या वेळी तो सिनेमा पाहताना कसं वाटलं असेल, हे आपण तरी समजू शकतो. आपल्या नावाचा व्हिलन नसला की आपली मोजणी थांबते. हे बरोबर नाही.

आता १९९९ ला या. 'सरफरोश'. आमिर खानचा एसीपी राठोड आणि मुकेश ऋषींचा इन्स्पेक्टर सलीम. सलीम कर्तबगार आहे, खबऱ्यांचं त्याचं जाळं मोठं आहे. पण एक गुन्हेगार हातून निसटतो आणि वरिष्ठांच्या मनात शंका येते, त्याच्या धर्मावरून. त्याला प्रकरणातून बाजूला करतात. तो दुखावतो. राठोड म्हणतो की देश वाचवायला मला कुठल्या सलीमची गरज नाही. मग सलीम माहिती घेऊन येतो आणि सांगतो की पुन्हा कुठल्या सलीमला हा देश त्याचा नाही असं म्हणू नका. थिएटरमध्ये या प्रसंगाला टाळ्या पडायच्या. आपल्या लोकांच्याही पडायच्या, कदाचित जास्तच. इतक्या वर्षांत कुणी तरी ही गोष्ट मोठ्याने बोललं होतं.

मला सलीम आवडतो. पण सलीमकडे आणि हैदर अलीकडे एकापाठोपाठ एक पाहिलं की काय गमावलं ते दिसतं. सलीम भ्रष्ट असूच शकत नाही. त्याला थकायची, चुकायची, कंटाळून घरी जायची परवानगी नाही. त्याने एक हप्ता घेतला असता तर तो सिनेमातून गद्दार म्हणूनच बाहेर पडला असता. वेलणकर माणूस मारूनही शोकांतिकेचा नायक राहतो. सलीमला मात्र पूर्ण गुण मिळवूनच पास व्हावं लागतं. आणि ज्याच्यावर शंका घेतली गेली, त्यानेच जाऊन पुन्हा निष्ठा सिद्ध करायची. शंका घेणाऱ्या वरिष्ठांचं काय झालं, हे सिनेमा विचारत नाही. माझ्या दृष्टीने त्या सिनेमातला खरा भ्रष्टाचार तोच होता. एका अधिकाऱ्याला त्याच्या नावावरून कामातून काढणं याला दुसरा शब्द काय?

(एक बारीक नोंद. त्याच सिनेमात गझल गाणारा पाकिस्तानी हेर नसीरुद्दीन शाहच आहेत. सोळा वर्षांत लोबोचा गुलफाम हसन झाला.)

मधे एक वेगळाही नमुना येऊन गेला, २००४ चा 'अब तक छप्पन'. नाना पाटेकरांच्या साधू आगाशेचा खात्यातला प्रतिस्पर्धी म्हणजे सब-इन्स्पेक्टर इम्तियाज सिद्दिकी, यशपाल शर्मांनी केलेला. मत्सरी, एन्काउंटरचा आकडा वाढवायच्या मागे लागलेला. व्हॉट्सॲपच्या हिशेबात तो सरळ 'वाईट मुसलमान'. पण त्याचं वाईटपण त्या धंद्याचं आहे. एन्काउंटर हा जिथे स्कोअर झाला आहे, तिथे तयार होणारा माणूस तो. त्याच्या मजहबाचा त्यात काही हात नाही. मी तर त्याला हैदर अलीचा बिघडलेला धाकटा भाऊ समजते.

'सूर्यवंशी'वर (२०२१) जास्त लिहीत नाही. टोप्या घातलेले लोक गणपतीची मूर्ती सुरक्षित जागी नेतात आणि मागे संगीत वाजतं. हा प्रसंग ज्यांनी लिहिला त्यांचा हेतू चांगला असेलही. पण ज्या माणसाला रोज वर्गणीत, बंदोबस्तात, मिरवणुकीच्या रस्त्यावर सरबत वाटताना आपण पाहिलं आहे, त्याला पडद्यावर परीक्षार्थी म्हणून उभं केलेलं बघवत नाही. शिवाय या प्रकारच्या सिनेमात पोलिसांचा भ्रष्टाचार उरतच नाही. कायदा आडवा येतो म्हणून हिरो वैतागतो आणि आपण टाळ्या वाजवतो. ज्याला कायद्याची सर्वात जास्त गरज आहे तो समाज या टाळ्यांत सामील होतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि इथेच मला माझा मूळ मुद्दा मांडायचा आहे. भ्रष्टाचार म्हणजे काय, हे या सिनेमांनी आपल्याला चुकीचं शिकवलं आहे. त्यांच्या लेखी भ्रष्टाचार म्हणजे टेबलाखालचं पाकीट, मंत्र्याचा फोन, दादाची गाडी. हे असतंच. पण आपल्या मुलांना पोलीस ठाण्यात जो भ्रष्टाचार भेटतो, त्यात बऱ्याचदा एक रुपयाही हलत नाही. ठाणे अंमलदार तक्रार ऐकतो आणि एफआयआरऐवजी एनसी लिहून घेतो. तुमचा जबाब तुम्ही सांगितला तसा कागदावर उतरत नाही. पासपोर्टच्या चौकशीला आलेला माणूस दोन प्रश्न जास्त विचारतो. मोहल्ल्यात काही झालं की आधी उचलायच्या पोरांची यादी तयारच असते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. ते न करणं म्हणजे अधिकार विकणंच आहे, फक्त गिऱ्हाईक पैसा नसून पूर्वग्रह आहे.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. पोलिसांत मुसलमानांविरुद्ध मुरलेला पूर्वग्रह होता, असं त्याने नोंदवलं आहे. हे वाचल्यावर 'अर्धसत्य'कडे पुन्हा बघावं लागतं. हैदर अलीच्या ठाण्यात त्याच्या नावाने कुणाला काही फरक पडत नाही, हे खरं होतं की निहलानी-तेंडुलकरांची सदिच्छा होती? की त्या काळी फरक पडत होता आणि तो बोलायची पद्धत नव्हती? मला वाटतं थोडं थोडं सगळंच. म्हणून मी त्या सिनेमाला आदर्श म्हणत नाही. पण बरोबरी झाली तर ती कशी दिसेल, याचं एक चित्र त्याने काढून ठेवलं आहे.

आणि त्या सिनेमाची एक मोठी उणीव आहे, जिच्याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं. कोठडीत मेलेला तो चोर. रेडिओ चोरल्याचा संशय असलेला गरीब माणूस. तो कोण? त्याच्या घरी कोण होतं? त्याची वस्ती कुठली? प्रेक्षकाचं काळीज वेलणकरसाठी तुटतं, कारण त्याची दीड तासाची जडणघडण आपण पाहिली आहे. मेलेला माणूस मात्र वेलणकरच्या पतनातली एक पायरी म्हणून येतो आणि जातो. नाव घ्यायची सोय व्हावी इतकाही तो आपल्या लक्षात राहत नाही. प्रतिनिधित्वाचा प्रश्न खरा इथे आहे. खाकीत कोण आहे याची आपण मोजदाद करतो. पण पट्ट्याखाली कोण आहे, त्याला गोष्ट मिळते की नाही, हे कोण मोजतं?

आपल्या राज्यात हा प्रश्न हवेतला नाही. परभणीचा ख्वाजा युनूस, सॉफ्टवेअर इंजिनिअर. २००२ च्या डिसेंबरातल्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की तो पळून गेला. तो पुन्हा कधी दिसला नाही. कोठडीतल्या मारहाणीत तो गेला असा आरोप आहे, चार पोलिसांवर खटला आहे, आणि दोन दशकं उलटली तरी तो रेंगाळलेलाच आहे. ज्या आरोपींवर त्या बॉम्बस्फोटाचा खटला चालला ते २००५ मध्ये निर्दोष सुटले. त्याच्या आईने कोर्टाच्या किती फेऱ्या मारल्या, हे मराठवाड्यातल्या आपल्या घरांना सांगायला नको. मुंबई पोलिसांवर इतके सिनेमे निघाले. परभणीहून मुंबईच्या कोर्टात जाणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या बाजूने लिहिलेला मला तरी आठवत नाही.

म्हणून 'संतोष' महत्त्वाचा. संध्या सुरींचा हा सिनेमा २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, ब्रिटनने तो ऑस्करसाठी आपली प्रवेशिका म्हणून पाठवला. भारतात सेन्सॉर बोर्डाने इतके बदल मागितले की तो थिएटरांत लागलाच नाही. मला तो लंडनला चुलतबहिणीकडे गेले होते तेव्हा पाहायला मिळाला. उत्तर भारतातली गोष्ट. संतोषचा नवरा हवालदार होता, दंगलीत मारला गेला. अनुकंपा तत्त्वावर तिला त्याची नोकरी मिळते. गावातली एक दलित मुलगी बेपत्ता होते. तिच्या बापाची तक्रार ठाण्यात कुणी मनावर घेत नाही, त्याची टिंगल होते. मग विहिरीत मुलीचं प्रेत सापडतं. बोभाटा झाल्यावर तपासाला इन्स्पेक्टर गीता शर्मा येतात. सुनीता राजवारांनी हे काम केलं आहे, फार ताकदीने. संशय सलीम नावाच्या मुसलमान पोरावर जातो. त्याला शोधतात, आणतात आणि कोठडीत मारतात. मारणाऱ्यांत संतोषही असते. तो मरतो. नंतर हळूहळू कळत जातं की त्याने काही केलेलं नव्हतं.

सगळ्या 'डायव्हर्सिटी'वाल्यांनी हा सिनेमा पाहायला हवा, असं बाहेर पडताना वाटलं. त्यात बाई इन्स्पेक्टर आहे, बाई हवालदार आहे. त्या पुरुषी खात्यात टक्केटोणपे खाऊन उभ्या आहेत आणि त्यांच्याबद्दल आपल्याला जिव्हाळा वाटतो. आणि तरी त्याच बायकांच्या हातून तो पोरगा मरतो. पूर्वी जे पुरुष करत होते ते आता बायका करतात. तक्रार घेऊन आलेल्या दलित बापाला खुर्ची नाही, हे तसंच राहतं. सलीमचं नाव संशयिताच्या जागी किती अलगद बसतं, हे तर अंगावर येतं, कारण कुणी त्याच्याविरुद्ध भाषणही देत नाही. ते सगळ्यांना आपोआप पटतं.

यावर तरुण मित्र विचारतील, आणि विचारलंही आहे: मग आम्ही पोलीस भरतीला उतरायचं की नाही? ओळखीतला एक मुलगा पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावतो, संध्याकाळी सामान्य ज्ञानाची पुस्तकं वाचतो. त्याला घरातूनच ऐकवलं जातं की आपल्याला घेत नाहीत, आणि घेतलं तरी आपल्याच लोकांवर लाठी चालवायला लावतील. मी त्याला म्हटलं, जा. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलं होतं की आयपीएसमध्ये मुसलमान चार टक्के आहेत, लोकसंख्येत १३.४ टक्के असताना. ही तफावत कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त बोलते. ठाण्यात आपली भाषा, आपलं घर, आपले सण ओळखणारा माणूस असला तर रात्री दोन वाजता आलेल्या बाईला फरक पडतो. पण तिथे जाऊन सलीम बनायचं ओझं घेऊ नकोस, असंही मी त्याला म्हटलं. तू समाजाचा ब्रँड ॲम्बॅसेडर नाहीस, पगारी नोकर आहेस. आणि तू असल्याने ठाणं आपोआप सुधारेल असं समजू नकोस. कोठडीत सीसीटीव्ही चालू आहे का, अटकेची खबर नातेवाइकांना दिली का, तक्रारदाराला एफआयआरची प्रत मिळाली का, हे कागदी नियम तुझ्या नावापेक्षा जास्त माणसं वाचवतात. डी. के. बसू निकाल १९९६ चा आहे, ठाण्यांत सीसीटीव्ही लावायचा आदेश २०२० चा. ते पाळले जातात का, हे विचारायला वर्दी लागत नाही.

थोडं आपल्या घरातही बघू. हैदर अली देसाईकडे नेतो. आपल्या मोहल्ल्यांतही देसाई आहेत, फक्त त्यांची नावं आपल्यासारखी आहेत. पोराला उचललं की आपण वकिलाकडे न जाता आधी अमुक भाईकडे जातो. भाई पीआयला ओळखतो. ईदच्या मिलनाला साहेबांना शाल तोच देतो, साहेबांचा फोटो त्याच्या बॅनरवर असतो. रक्कम ठरते, त्यातली किती पुढे गेली आणि किती भाईकडे राहिली ते कुणी विचारत नाही. सुटून आलेला पोरगा आयुष्यभर भाईचा ऋणी, निवडणुकीत त्याच्या मागे. पोलिसांच्या पूर्वग्रहावर बोलताना ही साखळी आपण झाकून ठेवतो. पूर्वग्रह आहे म्हणूनच भाईचा धंदा चालतो. सगळे एफआयआर नीट लिहिले गेले तर सर्वात आधी तोच बेकार होईल.

आणि ठाणं बदलू शकतं, याचं उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. भिवंडी १९८४ मध्ये जळाली होती. पुढे तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं आणि ठाण्याचा माणूस नियमित एकत्र बसायचे. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. कल्पना करा, पोलिसांनी केलेली इतकी मोठी गोष्ट, आणि तिच्यावर व्यावसायिक सिनेमा नाही. चहा पीत बैठक घेणाऱ्या उपायुक्ताला ट्रेलरमध्ये कसं दाखवणार? त्यापेक्षा हेलिकॉप्टरला लटकलेला बरा.

मला जो सिनेमा हवा आहे तो फार खर्चाचा नाही. आपल्यातली बरीच पोरं आता मोबाइलवर शॉर्ट फिल्म करतात, त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावरचा मुसलमान एकतर लखनवी उर्दू बोलतो नाहीतर भेंडीबाजारातली टपोरी हिंदी. मिरजेचा, उदगीरचा, चिपळूणचा शेख हवालदार मी सिनेमात पाहिलेलाच नाही. तो स्टेशन डायरी स्वच्छ मराठीत लिहितो. सहकाऱ्याशी वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोलतो, घरी फोनवर दखनी बोलतो, आणि दोन्हीत सारखाच चिडतो. रमजानमध्ये रात्रपाळी बदलून मागायची की नाही, यावर विचार करतो. पोरीच्या फीसाठी कधीतरी हात पुढे करतो, कधी करत नाही. त्याच्या ठाण्यात एक रात्र. समोर खुर्चीवर एक दलित बाप बसलेला, मुलगी घरी आली नाही म्हणून सांगायला आलेला. साहेब म्हणतात, एनसी घे आणि पाठव. शेख हवालदाराच्या हातात पेन आहे.

पुढे काय होतं ते लिहिणाऱ्याने ठरवावं. शेखने धीर दाखवलाच पाहिजे, अशी माझी अट नाही. स्क्रिप्ट झाली तर या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचेन. मराठीत असली तर आधी वाचेन.